आक्काचा डावा कान

मच्छे, ९ जानेवारी २०२५

आक्का,

मष्णू लिहितोय. पाकिटावरचं अक्षर बघून तू ओळखलंच असशील, दहावीनंतर ते काही सुधारलेलं नाही. तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तेजस्वीनं उचलला आणि "मामा, आई कामात हाय" म्हणाली. तिसऱ्या वेळी मागून तुझा आवाज आला, "ठेव तो फोन." म्हणून पत्र. तुझी पोरगी गुणाची आहे, पण तिला खोटं बोलायला जमत नाही. आपल्या घरातलं ते तेवढं तिनं घेतलेलं दिसत नाही.

कामाचं सांगतो. फौंड्रीतली नोकरी मी सहा वर्षांपूर्वी सोडली, हे कुणाकडून तरी कळलं असेल. आता दीड एकरात तुती आहे आणि घरामागं शेड. जया आणि मी रेशमाच्या अळ्या पाळतो. पाला कापायचा, घालायचा, परत कापायचा. चार वेळा कात टाकून झाली की अळ्या जाळीवर चढतात आणि तीन दिवसांत स्वतःभोवती कोष विणून आत बसतात. पांढरे शुभ्र, भुईमुगाच्या शेंगेएवढे. कोष कानाशी धरून हलवला आणि आतला किडा वाजला, की माल तयार. तो रामनगरच्या बाजारात जातो. पुढं त्याच्या साड्या होतात, एवढंच मला ठाऊक होतं.

मागच्या महिन्यात रेशीम खात्याच्या साहेबांबरोबर एक डॉक्टरीणबाई शेडवर आल्या. डॉ. नीला, अनगोळच्या. कान-नाक-घशाच्या डॉक्टर. अळ्यांना काय घालता, शेड कशानं धुता, तुतीवर कुठलं औषध मारता, कोषावर डाग किती येतात. सोयरीक बघायला आलेली माणसं एवढं विचारत नाहीत. शेवटी जयानं विचारलं, "बाई, साडी कुणाला करायचीया?"

बाई हसल्या. "साडी नाही हो. कानाचा पडदा."

जयानं त्यांना खुर्ची दिली. मग त्यांनी बसून सांगितलं. टाके घालायला रेशमाचा दोरा डॉक्टर फार पूर्वीपासून वापरतात. आता त्याच रेशमाचा पातळ पापुद्रा करून फाटलेल्या पडद्यावर ठेवून बघतायत. मांडवावर पडवळाचा वेल चढतो तशी कानाची आपली कातडी त्याच्यावरून सरकत जाते आणि भोक बुजतं. रेशीम पुढं हळूहळू विरघळून जातं. एरवी कानामागं कापून तिथली कातडी काढून लावतात, ते ह्यात टळतं. अजून सगळीकडं सुरू झालेलं नाही, अभ्यास चालू आहे, थोडी माणसं घ्यायची आहेत.

मी विचारलं, "भोक जुनं असलं तर? पंचवीस वर्षांचं?"

"कान बघितल्याशिवाय नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या. "माणूस घेऊन या."

म्हणून हे पत्र. तुझा तो डावा कान लहानपणापासून वाहायचा. आईनं लई उपाय केले, लसणाचं तेल घातलं, गुण आला नाही. आता ही सोय झालीय तर एकदा दाखवून घे. बारा वर्षं तू माहेरी का आली नाहीस ते मला कळलेलं नाही. माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाल.

दाजींना नमस्कार.

मष्णू


मच्छे, २ फेब्रुवारी २०२५

आक्का,

काल तेजस्वीनं आपणहून फोन केला. तिच्यावर रागावू नकोस. तुला मोटारसायकलचा धक्का बसला हे मला परक्यांकडून कळायच्या आधी तिनं सांगितलं, हे बरंच झालं.

ती म्हणाली, "मामा, बिड्यांची पाटी घेऊन सर्व्हिस रोड वलांडत हुती. तो पोरगा डाव्या बाजूनं हॉर्न वाजवत आलता. समद्या लोकास्नी ऐकायला आला, आईला न्हाय." खुब्याला मार लागलाय, हाड मोडलेलं नाही, एवढं तिनं सांगितलं. मग ती म्हणाली, "उजव्याबी कानाला आता कमी येतंय तिच्या. टीव्हीचा आवाज पार गल्लीभर जातोय. आणि ती मान्यच करत न्हाय."

माझं पहिलं पत्र तू उशीखाली ठेवलंयस, हेही तिनं सांगितलं. तेवढ्यावर मी हे दुसरं लिहितोय.

मागच्या आठवड्यात बाईंच्या दवाखान्यात त्यांना हवे होते ते कोष द्यायला गेलो, तेव्हा त्यांनी मला आतल्या प्रयोगशाळेत नेऊन दाखवलं. एक मुलगी टेबलावर बसून कात्रीनं एकेक कोष कापत होती. आतला किडा झटकून टाकायचा आणि नुसती टरफलं घ्यायची. ती सोड्याच्या पाण्यात उकळतात. रेशमावर एक गोंद असतो, तो गेला पाहिजे, कारण आपलं अंग त्या गोंदावर चिडतं, रेशमावर चिडत नाही. गोंद गेला की कापसासारखं मऊ होतं. मग ते एका जहाल मिठाच्या पाण्यात विरघळवायचं, मीठ काढून टाकायचं आणि बशीत ओतून वाळवायचं. आपण महिनाभर राबून जे विणून घेतो ते तिनं चार दिवसांत पाणी करून टाकलेलं बघून मला कसंतरीच झालं.

पण बशीतून जे निघालं ते काय सांगू. कांद्याच्या दोन पाकळ्यांमध्ये जो पापुद्रा असतो ना, तो. आरपार दिसणारा. मुलीनं चिमट्यानं उचलून माझ्या उजव्या हातावर ठेवायला धरला. मी म्हटलं, "डाव्यावर ठेवा." ती म्हणाली, "का हो?" मी म्हटलं, "उजवा खराब हाय."

वजनच लागलं नाही. फुंकलं असतं तर गेला असता.

तू यायची तारीख तेवढी कळव. मी निपाणीला गाडी घेऊन येतो. नको असेल तर येत नाही, तेजस्वीला घेऊन ये. मी त्या दिवशी दवाखान्याच्या आसपाससुद्धा फिरकणार नाही.

मष्णू


मच्छे, २३ फेब्रुवारी २०२५

आक्का,

गुरुवारी तू येऊन गेलीस. मला कळवलं नाहीस, ते बरोबरच आहे. मी काल कोषांची क्रेट घेऊन गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमच्या बहीण आल्या होत्या, मुलीबरोबर. पण त्यांचं नाही जमणार."

"का ओ?"

"कान लहानपणापासून वाहायचा, पू यायचा, असं त्यांनी सांगितलं. या अभ्यासात तसे कान आम्ही घेत नाही. पडदा मार लागून किंवा मोठ्या आवाजानं फाटलेला पाहिजे आणि नंतर कान कोरडा राहिलेला पाहिजे. खरं तर आत बघताना मला ते वाहत्या कानासारखं वाटलं नाही. मी दोनदा विचारलं. त्या म्हणाल्या, लहानपणापासूनच."

क्रेट माझ्या हातात होती. ती खाली ठेवली, "बरं" म्हटलं आणि निघालो. पिरनवाडीजवळ गाडी बाजूला घेऊन उभा राहिलो. लई वेळ उभा होतो. एका ओळखीच्यानं विचारलं, पेट्रोल संपलं काय रं. मी व्हय म्हटलं.

तू अजून मला झाकतेस, आक्का. आणि मी पहिल्या पत्रात काय केलं? "लहानपणापासून वाहायचा" असं लिहिलं. कुणाला, तर जिचा कान आहे तिलाच. लिहिताना हात थांबलासुद्धा नाही, एवढं ते अंगवळणी पडलंय.

आता जे झालं ते लिहितो. तुला ठाऊक आहे सगळं, पण एकदा ते माझ्या हातानं लिहिलेलं असू दे.

मी एकोणीस वर्षांचा, तू चोवीसची. आप्पा जाऊन चार वर्षं झालेली. आपल्या पाखऱ्या बैलाच्या पुढच्या खुराला सूज होती. तू सकाळी त्याला हळद-चुना लावून गोठ्यात बांधलंस आणि मला म्हणालीस, "आज ह्याला हलवू नको." तू नदीला धुणं घेऊन गेलीस आणि मी त्याला सोडून शर्यतीला नेलं. माळावर ही गर्दी. गाडी जुंपलेली, पुढच्या जोडीनंतर आमचा नंबर. तेवढ्यात त्या सगळ्या बाप्यांमधून तू ओल्या लुगड्यानं आलीस आणि माझ्या हातातला कासरा धरलास.

"त्या मुक्या जनावराला बोलता येत न्हाय," तू म्हणालीस, "तुला दिसत तरी न्हाय काय रं?"

मागून कोणतरी ओरडलं, "मष्ण्या, आक्काला इचारून आला न्हाईस व्हय?" आणि सगळे हसले.

मी तुझ्याकडं बघितलंच नाही. हसणाऱ्यांकडं बघत हात उगारला. कुठं लागला ते मला तुझ्या तोंडाकडं बघून कळलं. तू ओरडली नाहीस. कासरा सोडलास, पदर कानाला लावलास आणि निघालीस. तुला सरळ चालता येत नव्हतं. एका अंगाला जात होतीस, थांबत होतीस, परत चालत होतीस. मी ते बघितलं. बघून गाडीवर चढलो आणि गाडी पळवली. नंबर आला शेवटून दुसरा.

संध्याकाळी आई चुलीवर लसणाचं तेल गरम करत होती. तुझ्या पदराला रक्त होतं. आई म्हणाली, "कुणी इचारलं तर कान वाहतोय म्हणायचं. ल्हानपणापास्नं. माळावरच्यांनी थप्पड बघितली, पर भणीचा कान फोडला म्हणून नाव झालं तर उद्या ह्याला पोरगी कोण देणार?" तू मान हलवलीस. मी तिथंच जेवत बसलो होतो. ताट तूच वाढून दिलेलं होतंस.

तीन महिन्यांनी तुझं लग्न झालं. रुखवताबरोबर ते खोटंही निपाणीला गेलं.

आणि बारा वर्षं तू का आली नाहीस ते मला कळलेलं नाही, असं लिहिलं, तेही खोटं. आमच्या स्वरालीचं बारसं. आत्या म्हणून तुझा मान. मांडवात बायकांचा कालवा, स्पीकर चालू, आणि जयाच्या आईनं नाव तुझ्या डाव्या कानात सांगितलं. तू पाळण्यात वाकून कुर्र केलंस आणि मोठ्यानं म्हणालीस, "वैशाली." सगळे हसायला लागले. मीही हसलो आणि म्हणालो, "बहिऱ्या आत्याकडनं नाव ठेवून घेतल्यावर असंच व्हायचं."

मी. मी म्हणालो ते. ज्यानं केलं त्यानं.

तू पण हसलीस. बाळाच्या हातात चांदीचं कडं घातलंस, जेवलीस, जयाला पाटा धुवायला मदत केलीस. मग चारच्या गाडीनं गेलीस. त्यानंतर आली नाहीस.

मी उद्या जाऊन बाईंना खरं सांगू शकतो. पण ते कागदावर येईल. दाजींना ठाऊक नाही, तेजस्वीला ठाऊक नाही. तू पंचवीस वर्षं जे झाकून ठेवलंस ते उघडायचं की नाही, हे मी ठरवायचं नाही, एवढं मला आता कळतं. तू व्हय म्हण, मी सांगतो. नको म्हण, मी गप बसतो आणि दुसरा इलाज शोधतो.

मष्णू


निपाणी, ५ मार्च २०२५

मष्णू,

पत्र मिळालं. मला तुझ्यासारखं लिवायला येत न्हाय. तेजस्वी म्हणाली, आई तू सांग, मी लिवते. मी म्हटलं नको, ह्ये माझं मी लिवनार. चुका हुतील, त्या समजून घे.

थप्पड मी इसरले असं म्हणणार न्हाय. कशी इसरीन? रोज न्हाताना त्या कानात तेलाचा बोळा घालते. पाणी जाऊ दिलं न्हाय आजवर, म्हणून तो कोरडा हाय. पण रागाचं म्हणशील तर थप्पडीचा राग मला कवाच आला न्हाय. तू दीड वर्साचा हुतास तवापास्नं माझ्या कडंवर हुतास. आई रानात जायची. तुला भात मी चारला, तुला शाळंत मी नेऊन बसवला. माझं पोर चुकलं, मी झाकलं. आईनं सांगितलं नसतं तरी मी झाकलंच असतं.

राग आला तो बारशाला. थप्पड मारली तवा तू पोरगा हुतास. बारशाला तू बाप झालतास. आणि तुला म्हाईत हुतं. त्या मांडवात माझा कान कशानं गेला ते म्हाईत असलेली दोनच माणसं हुती, एक तू आन एक मी. आई जाऊन वरीस झालतं. मला वाटलं, आता ह्यानं पण इसरून टाकलं. म्हणजे मी कुणासाठी झाकत बसले?

म्हणून आले न्हाय. दुसरं काय न्हाय.

आता ऐक. तीन दिसांमागं दुपारी मी ह्यास्नी सगळं सांगितलं. हे वखारीतनं जेवायला आलते. सांगून झालं तरी ह्यांनी घास मोडला न्हाय. मग उठून हात धुतला आन परत वखारीत गेले. दोन दिस माझ्यासंगं बोलले न्हाईत. मी म्हटलं, झालं, आता ह्या वयात ह्ये घर पण गेलं. काल संध्याकाळी म्हणाले, "मला का सांगितलं न्हाईस?" मी म्हटलं, "तुम्ही त्येला मारलं असतं." तर म्हणाले, "मग आता मारतो. जाऊन त्येच्या कानाखाली एक ठेवून देतो, मग त्येच्याच कानात त्येचंच रेशीम घालू दे त्या बाईला."

आन मग रडले. मी त्यास्नी एवढ्या वर्सांत रडताना बघितलं नव्हतं.

तेजस्वीला पण कळलंय. ती तुझ्यावर लई चिडलीया. ते तुझं तू बघ.

माझी एकच अट हाय. तू डॉक्टरणीला तुझ्या तोंडानं सांगायचं, आन हे तिथं बसलेले असले पायजेत. मी बाहीर बसीन. मला ते परत ऐकायचं न्हाय.

वीस तारखेला येतो आम्ही.

मालू


मच्छे, १४ एप्रिल २०२५

आक्का,

शुक्रवारी तुझं ऑपरेशन झालं. कानात बोळा, डोक्याला पट्टी, आणि गाडीत बसताना तू जयाला म्हणालीस, "मला काय धाड भरलीया?" ते ऐकून मला बरं वाटलं. पण दोन वेळा दाराआड काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसणार. दाजी तर नक्कीच सांगणार नाहीत.

पहिलं, वीस तारखेचं. तू बाहेर बाकावर बसलीस आणि आम्ही दोघं आत गेलो. बाईंनी कागद पुढं घेतला. वर कानडीत, खाली इंग्रजीत, मराठी कुठंच नव्हतं, म्हणून त्या एकेक ओळ वाचून सांगत होत्या. कारणाची ओळ आली. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी घरून वाक्य पाठ करून आलो होतो, ते सगळं गेलं.

"मी मारलं," मी म्हटलं.

"तुम्ही? कशानं?"

"हातानं. ह्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं नाही. विचारलं, "किती वर्षं झाली?" मी म्हटलं, पंचवीस. "त्या वेळी रक्त आलं होतं? चक्कर?" व्हय, दोन्ही. त्या लिहीत राहिल्या. मला वाटत होतं त्यांनी काहीतरी बोलावं. वाईट तरी बोलावं.

मग म्हणाल्या, "नंतर कान कधी वाहिला?" मला कुठं ठाऊक? तेव्हा दाजी बोलले. तोवर ते भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडं बघत बसले होते. म्हणाले, "न्हाय. पंचवीस वर्सं मी बघतोय. एकदाबी न्हाय. ती न्हाताना बोळा घालती. मी इचारलं हुतं लग्नाच्या पयल्या वर्साला, रोज कशाला घालतीस? म्हणाली, सवय हाय." आणि मग बाईंना म्हणाले, "तिला घ्या हो. तिनं खोटं बोलायला नको हुतं, पर ते तिच्यासाठी बोलली न्हाय."

बाईंनी मशीनवर कानाचा फोटो काढायला सांगितला, आतलं हाड चांगलं निघालं, आणि तुझं नाव लागलं. हे तुला ठाऊक आहे.

दुसरं, शुक्रवारचं. तू आत गेल्यावर आम्ही बाहेरच्या लांब बाकड्यावर बसलो. दाजी एका टोकाला, मी दुसऱ्या. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा. जयानं डबा दिला होता. मी विचारलं, "दाजी, भाकरी?" ते म्हणाले, "तुझ्या हातची न्हवं ना? मग दे."

भाकरी खाताना म्हणाले, "मी लई ठरवून आलतो तुला एक द्यायची. पर दवाखाना हाय."

मी म्हटलं, "बाहीर जाऊया."

"नको. ती बोळ्याच्या कानानंबी ऐकंल." मग थोड्या वेळानं, "ठरलेलं हाय अजून. कवा तरी देणार."

"द्या," मी म्हटलं.

पाणी प्यायले, बाटली माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, "पंचवीस वर्सं मी तिच्या उजव्या अंगानं चालतोय. निपाणीत समदी मला हसत्यात, बायकूच्या आड लपून चालतोय म्हणत्यात. आता बरा झाला कान तर मी कुठनं चालू रं?" ते एवढे बोललेले मी कधी ऐकले नव्हते.

बाई बाहेर आल्या, मास्क काढून म्हणाल्या, "झालं. कडा खरवडून ताज्या केल्या, पापुद्रा नीट बसलाय. आता सहा आठवडे शिंकायचं ते तोंड उघडून, पाणी नाही, वजन उचलायचं नाही." मी विचारलं, "बाई, तो आमच्या कोषाचा होता काय?" खरं सांगतो, मला व्हय ऐकायचं होतं. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं मी, पत्रात कसं लिहीन तेसुद्धा. बाई म्हणाल्या, "दोन शेतकऱ्यांचे कोष एकत्र करतो आम्ही. कुणाचा ते नाही सांगता येणार."

पहिल्यांदा वाईट वाटलं. घरी येताना वाटलं, हे बरं झालं. तुझ्या कानात माझं काही असायलाच पाहिजे असं कुठं आहे? तुझा कान आहे. बरा झाला म्हणजे झालं.

तेजस्वीनं जाताना माझ्या पाया पडायचं टाळलं. चांगलं केलं. तिला सांग, मामा वाट बघेल.

मष्णू


निपाणी, १७ जुलै २०२५

मष्णू,

मंगळवारी डॉक्टरणीनं तपासलं. भोक भरलंय. कडंला सुईएवढं राहिलंय, तेबी आपोआप भरंल म्हणाली, न्हाय भरलं तर न्हाय. डब्यासारख्या खोलीत बसवून कानात शिट्ट्या वाजवल्या, बोट वर करायचं हुतं. तरण्या माणसासारखं ऐकायला यायचं न्हाय, पर पयल्यापरास लई बरं हाय. उजव्या कानाला मशीन लावा म्हणाली. बघू.

पयले पंधरा दिस मला लई तरास झाला. बोळा काढला आन घरातली समदी भांडी माझ्या अंगावर पडल्यावानी वाटाय लागली. बिडीचं पान कात्रीनं कापताना आवाज येतो, ते मला म्हाईतच नव्हतं. पानाला पाणी कमी झालं की कुरकुर जास्त हुती. शेजारची बाई म्हणती, "अगं मालूआक्का, ह्ये आमास्नी पयल्यापास्नंच ऐकायला येतंय." मी म्हटलं, "मग सांगायचं न्हाय व्हय?"

ह्यांचं चालायचं गणित बिघडलंय. कवा इकडनं, कवा तिकडनं. परवा मधे मी आन दोन्ही बाजूला हेच, असं करायला बघत हुते.

आता ज्यासाठी लिवतेय ते सांगते. काल मी बिड्या देऊन स्टँडवर उभी हुते. चिकोडीची गाडी लागलेली, लोकांची ढकलाढकली. आन डाव्या बाजूनं, लांबनं, कुणीतरी हाक मारली. "आक्का, ए आक्का!"

मी वळले. इचार न करता. हातातली पिशवी तशीच, गर्रकन वळले. एक पोरगं धावत आलतं, तेच्या भणीचा डबा गाडीत द्यायचा राहिलता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्येच्याकडं बघत उभी. म्हणाला, "तुमास्नी न्हवं ओ मावशी."

मी म्हटलं, "असू दे रं बाबा. ऐकायला आलं."

त्येला काय कळणार? गेला तो डबा घेऊन. मी तिथंच बाकड्यावर बसले. डोळ्यांला पाणी लागलं, म्हणून पदर तोंडाला लावला, तर एक बाई म्हणाली, पाकीट मारलं काय गं? मी हसाय लागले. तिला वाटलं, येडी हाय.

घरी येऊन ह्यास्नी सांगितलं. हे म्हणाले, "मग जा की. मला कशाला सांगतीस?"

मष्णू, मी रविवारी सकाळच्या गाडीनं बेळगावला येतेय. तेजस्वी येत न्हाय, तिला अजून येळ लागंल. एकटीच येते. गर्दी असंल, मी तुला हुडकत बसणार न्हाय. मी गाडीतनं उतरले की तू हाक मार.

आक्का